एकदाच विचारणारी माणसं

दोन हजार वीसच्या जुलैमध्ये, एका गुरुवारी सकाळी, माझा नवरा गेला. तो चहाचा कप घेऊन टेबलापाशी बसला होता. मी स्वयंपाकघरातून हाक मारली. त्याने ओ दिली नाही. ॲम्ब्युलन्स आली. हृदय बंद पडलं, असं त्यांनी सांगितलं. मेलबर्नमध्ये तेव्हा लॉकडाऊन होता. अंत्यविधीला दहा माणसांना परवानगी होती. आम्ही सात होतो. मुलगी सिडनीत होती. दोन राज्यांमधली हद्द बंद होती. तिने ते लॅपटॉपवर पाहिलं.

त्या दिवसापासून मुलगी रोज संध्याकाळी सहाला फोन करायला लागली. ती सिडनीतल्या कॅसल हिलला एकटी राहते आणि कॉम्प्युटरवर नेमकं काय काम करते ते तिने मला तीनदा समजावून सांगितलं आहे. नोव्हेंबरात हद्द उघडली तेव्हा तिने विचारलं, "आई, येऊ का?" मी म्हटलं, "नको गं, उगीच धावपळ कशाला." ती म्हणाली, "ओके." मग हद्द पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली. "येऊ का?" "नको, तुझं काम आहे." "ओके आई, नो वरीज." फोन ठेवला की मी बराच वेळ तशीच बसून राहायचे.

मला काय हवं होतं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. तिने यावं, एवढंच मला हवं होतं. बाप गेल्यापासून मी माझ्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. पण ती दुसऱ्यांदा विचारेल म्हणून मी थांबले होते, आणि ती दुसऱ्यांदा विचारत नव्हती.

यात चूक कुणाची आहे हे मला कळलं ते दोन फ्रेंच माणसांमुळे, त्यांच्या मोटरहोममध्ये, आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या अशा भागात की जिथे गव्हाच्या शेतांखेरीज फारसं काही नाही.

मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीला आमच्या समोरच्या घरात तेव्हा एक फ्रेंच जोडपं राहायचं. दोघंही सत्तरीच्या पुढची. त्यातल्या गृहस्थांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलं होतं, बाई शाळेत गणित शिकवायच्या. एकतीस वर्षं ऑस्ट्रेलियात काढली तरी हा देश आपल्याला आवडला की नाही, हे त्यांचं अजून ठरायचं होतं. माझा नवरा त्यांना 'मोस्यू' आणि 'मादाम' म्हणायचा, आणि ते इतक्या आदराने म्हणायचा की पुढे तीच त्यांची नावं झाली. मीही तेच वापरते.

नवऱ्याला फ्रान्समध्ये मोटरहोम घेऊन हिंडायचं होतं. पॅरिस नको, राजवाडे नकोत, त्याला गावं बघायची होती, आणि तीसुद्धा जिथे काही घडत नाही अशी. एका वहीत त्याने एक्केचाळीस गावांची यादी केली होती. गाव निवडायच्या अटी तीन: एक चर्च हवं, एक बेकरी हवी आणि बसायला एक बाक हवा. चौथी अट अशी, की कुठल्याही प्रवासाच्या पुस्तकात त्या गावाचं नाव नसावं. दोन हजार वीसच्या मे महिन्याची तिकिटं काढून झाली होती. भाषा शिकायला तो दर शनिवारी मोस्यूंकडे जायचा आणि त्याच्या बदल्यात त्यांचं वायफाय दुरुस्त करायचा. दीड वर्षात त्याचं फ्रेंच आणि त्यांचं वायफाय साधारण सारखंच सुधारलं. दोन्ही कधी लागायचं, कधी नाही.

यादी त्याने मोस्यूंना दाखवली होती. मोस्यूंनी चष्मा लावून एका नावावर बोट ठेवलं.

"इथे काही नाही."

"म्हणूनच निवडलंय," नवरा म्हणाला.

"हे तसलं 'काही नाही' नव्हे. हे वाईट प्रकारचं 'काही नाही' आहे," मोस्यू म्हणाले, आणि पेन्सिलीने ते गाव खोडलं. घरी येऊन नवऱ्याने ते पुन्हा लिहिलं. मोस्यूंच्या मतांबद्दल त्याला आदर होता, पण तो मतांपुरताच.

मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि जुलैमध्ये तो गेला. वही टेबलावर तशीच राहिली.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात एका सकाळी मोस्यू दारात आले. "फ्रान्सला जाता येत नाही," ते म्हणाले. "आम्ही दोघं मोटरहोम घेऊन उत्तरेकडे निघालोय, दहा दिवस. इथली गावं बघू. तुम्ही येता का?"

मी म्हटलं, "नको नको, तुम्ही दोघं जा. मी कशाला मध्ये."

"बरं," मोस्यू म्हणाले आणि रस्ता ओलांडून घरी गेले.

मी दार धरून उभी. आमच्याकडे असं कुणी जात नाही. माणूस आधी 'असं कसं' म्हणतो, मग 'तुम्ही असलात तर आम्हालाच बरं वाटेल' म्हणतो, तरीही जमलं नाही तर बायकोला पाठवतो. मी मादामची दोन दिवस वाट पाहिली. त्या खिडकीतून हात हलवायच्या, इतकंच. तिसऱ्या दिवशी मोस्यूंनी गाडी धुवायला काढली तेव्हा मी डब्यात बेसनाचे लाडू भरले, रस्ता ओलांडला आणि म्हटलं, मी पुन्हा विचार केलाय.

मोस्यूंना मुळीच नवल वाटलं नाही. "बरं," ते म्हणाले. "शनिवारी, आठ वाजता."

मोटरहोम त्यांच्या संसाराइतकी नीटनेटकी होती. मागे त्यांचा पलंग, मध्ये टेबल आणि दोन बाकं, एका बाजूला शेगडी. माझी झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर, छताखालच्या फळीवर. त्रेसष्टाव्या वर्षी शिडी चढून झोपायला जाताना मला शाळेतल्या सहलीची आठवण झाली, आणि फळीवरून उतरताना माझ्या डॉक्टरांची. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण भांडण ती दोघं फ्रेंचमध्ये करायची, आणि रस्ता चुकला की मला जाणवायचं की नवऱ्याने ती भाषा किती थोडी शिकून घेतली होती. त्याने मला कधी यातला एकही शब्द सांगितला नव्हता.

गावांबद्दल मोस्यूंचं मत पहिल्याच दिवशी बनलं आणि मग बदललं नाही. गाव म्हणजे त्यांच्या लेखी घरं एकमेकांना चिकटलेली हवीत, इतकी की शेजाऱ्याने खिडकीची झडप लावली तर आपल्याला ऐकू यावं. इथे घरं एकमेकांवर रागावल्यासारखी लांब लांब उभी. रस्ते तर एवढे रुंद, की पलीकडच्या फुटपाथवर कोण आहे ते ओळखायला मादाम दूरचा चष्मा लावायच्या. "गावाचं मधलं कुठे आहे?" मोस्यू विचारायचे. मी युद्धस्मारकाकडे बोट दाखवायचे, नाहीतर पबकडे, नाहीतर धान्याच्या कोठाराकडे, ज्याच्या उंच भिंतीवर कुणीतरी शेतकऱ्याचं चित्र काढलेलं असायचं. "म्हणजे मधलं नाहीच," मोस्यू म्हणायचे आणि गाडी पुढे न्यायचे.

मला मात्र ती गावं आवडायला लागली होती. सकाळी अकराला आपण एखाद्या मुख्य रस्त्यावर उतरावं आणि हलणारी एकच गोष्ट दिसावी, ती म्हणजे पोस्टावरचा झेंडा. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात एका ठिकाणी जुन्या पुस्तकांचं कपाट ठेवलेलं होतं, ज्याला हवं त्याने घ्यावं आणि जमलं तर एखादं ठेवावं. मी तिथे तासभर काढला. बावीस वर्षं शाळेच्या लायब्ररीत काम केलेल्या बाईला कपाट दिसलं की हात आपोआप चालतात. पुस्तकं लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावूनच मी बाहेर आले. मादाम म्हणाल्या, "इथे कुणी येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, "म्हणूनच तर लावलेली राहतील."

माणसांमध्ये गेलं की मादामचा एक नियम होता. दुकानात शिरताना आत जितकी माणसं असतील तितक्यांना नमस्कार करायचा. एका बेकरीत रांगेत पाच जण होते, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मादामनी दारावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, आत गेल्या आणि एकेकाकडे बघून पाच वेळा "गुड मॉर्निंग" म्हणाल्या. पहिला शेतकरी गडबडून "ग'डे" म्हणाला. मग दुसऱ्याला वाटलं आपल्यालाही म्हणायला हवं. मग तिसऱ्याला. शेवटी काउंटरमागची मुलगीही म्हणाली, आणि मग पाचही जण एकमेकांकडे असे बघायला लागले, की आता पुढे काय. मादाम समाधानाने रांगेत उभ्या राहिल्या.

मोस्यूंचं लक्ष पावाकडे. "हा कधी भाजला?"

"सकाळी, डार्ल," मुलगी म्हणाली.

मोस्यूंनी पाव कानाशी नेला आणि दाबला. मुलीने आतल्या माणसाला बोलावलं, बहुतेक साक्षीदार म्हणून. पाव काय बोलला ते मोस्यूंनी सांगितलं नाही, पण परत ठेवताना त्यांचा चेहरा डॉक्टरांसारखा झाला होता. त्यानंतर त्यांनी व्हॅनिला स्लाइस नावाचा एक प्रकार घेतला, पापुद्र्यांच्या मध्ये पिवळ्या कस्टर्डचा जाड थर, त्या भागातला मोठा मानाचा पदार्थ. गाडीत बसून त्यांनी तो खाल्ला आणि हा पेस्ट्रीचा अपमान आहे असं जाहीर केलं. पुढच्या गावात त्यांनी तो अपमान पुन्हा विकत घेतला. त्याच्या पुढच्या गावात दोन.

या सगळ्यात मी उपाशी होते.

हे हळूहळू लक्षात आलं. बाराच्या ठोक्याला मोस्यू असतील तिथे गाडी थांबवायचे, मग भोवती रान असो की रस्त्याचं काम. मादाम टेबलावर चौकड्यांचा कपडा अंथरायच्या. आधी सूप, मग एक गरम पदार्थ, मग कोशिंबिरीची पानं, मग चीज, मग फळ. मी मांस खात नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून बटाट्यांचे सायीत भाजलेले काप, मसूर, अंडी. सगळं सुरेख. मादाम पहिल्यांदा वाढायच्या ते चिमणीच्या हिशेबाने. मग विचारायच्या, "आणखी?"

मी म्हणायचे, "नको, पुरे."

आणि भांडं जायचं. दुसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही. मी त्या भांड्याकडे बघत राहायचे, ते शेगडीजवळ जायचं, त्याच्यावर झाकण बसायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, अन्न कमी असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मी काही चुकले असेन. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती दोघं नेहमीप्रमाणे वीस मिनिटं आडवी झाली, आणि मी शिडी चढून वर गेले, पिशवीतून पातळ पोह्यांच्या चिवड्याची पिशवी काढली आणि खायला लागले. चिवडा आवाज न करता खाता येत नाही. मी एकेक पोहा जिभेवर भिजवून बघितला, पण शेंगदाण्यापुढे काही इलाज नव्हता.

खालून मोस्यूंचा आवाज आला, "गाडीत उंदीर आहे."

"नाही," मादाम म्हणाल्या. "वर आहे."

चौथ्या दिवशी मी म्हटलं, आज जेवण माझ्याकडे. पिशवीत भाजणी होती. एका गावाच्या बाहेर, जुन्या चर्चच्या आवारात गाडी लावली होती. समोर एक बेकरी होती, बंद, पण होती. चर्चच्या भिंतीला लागून एक बाक होता. मोस्यू उतरले, तिन्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्या बाकावर जाऊन थोडा वेळ बसले. उन्हात बाकाचं लाकूड कोमट झालं होतं. या बाकावर बसून नवरा काय म्हणाला असता याचा मी विचार केला, आणि मला खात्री आहे की तो 'भूक लागली' म्हणाला असता. म्हणून मी उठले आणि थालीपिठं लावायला घेतली.

थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, शेजारी लसणीची चटणी. मोस्यूंनी पहिलं खाल्लं आणि ताटली पावाच्या तुकड्याने पुसून स्वच्छ केली, ही त्यांची लहानपणची शिस्त. रिकामी ताटली बघून मी दुसरं वाढलं. ते त्यांनी खाल्लं, ताटली पुसली. मी तिसरं वाढलं. मादामनी "मला नको" म्हटलं. मी म्हटलं, "असं कसं, अर्धं तरी," आणि अख्खं वाढलं. मोस्यूंनी चौथ्याच्या वेळी पट्टा सैल केला. पाचव्याच्या वेळी ते फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

मादाम म्हणाल्या, "विचारतायत, आम्ही काही अपराध केलाय का?"

मग सगळं बाहेर आलं. मी सांगितलं की आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढायचं असतं. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे ताटात काही टाकलं तर करणाऱ्याचा अपमान होतो. म्हणजे मी वाढत राहिले असते आणि ते पुसत राहिले असते आणि शेवटी मोस्यूंना उचलून न्यावं लागलं असतं.

"पण मी 'नको' म्हटलं होतं," मादाम म्हणाल्या.

"पहिलं 'नको' मोजत नाहीत. ती रीत असते."

गणिताच्या बाई सरसावून बसल्या. "मग कितवं मोजतात?"

"तिसरं."

"म्हणजे तुम्ही तीन दिवस..."

"हो."

"भूक होती?"

"होती."

मोस्यू म्हणाले, "उंदीर." मादामनी त्यांना गप्प केलं.

"आणि ज्याला खरंच नको असेल त्याने काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ताटावर हात आडवा धरायचा."

मोस्यूंनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, हे आधी का नाही सांगितलं, अशा नजरेने. मग गंभीरपणे म्हणाले, "माझ्या घरी एकदाच विचारतात. उत्तर मिळालं की ते खरं धरायचं. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला तू खोटं बोललास म्हणण्यासारखं आहे. मी तुम्हाला या सफरीचं विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. मला वाईट वाटलं. पण मी तुमच्या नाहीचा मान ठेवला."

"तुम्हाला वाईट वाटलं होतं?"

"अर्थात. एवढी मोठी गाडी."

त्या संध्याकाळी सहाला मुलीचा फोन आला. मी भांडी पुसत होते म्हणून तो स्पीकरवर होता. जेवलीस का, थंडी आहे का, गोळ्या घेतल्यास का. मग नेहमीचं, "पुढच्या महिन्यात येऊ का गं? वीकेंडला जोडून चार दिवस सुट्टी मिळेल."

"नको गं," मी म्हटलं. "उगीच कशाला चार दिवसांसाठी."

"ओके आई. काळजी घे."

फोन संपला. मोस्यू-मादामला मराठी येत नव्हतं, पण एक शब्द त्यांना दुपारपासून येत होता. मादामनी एक बोट वर केलं.

"एकदाच विचारलं तिने," त्या म्हणाल्या.

"ती इथे वाढली," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला ते ऐकू आलं.

सहा वर्षांची होती ती, इथे आलो तेव्हा. मी काम करत होते त्याच शाळेत ती शिकली. त्या लायब्ररीच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर होतं, त्यावर लिहिलेलं: कुणी 'नाही' म्हटलं की ऐका, पुन्हा पुन्हा विचारू नका. शेजारी दोन मुलांचं आणि एका सशाचं चित्र. ते पोस्टर मी निवडलं होतं. लॅमिनेटही मीच केलं होतं, आणि दरवर्षी जूनमध्ये त्याच्यावरची धूळ पुसायचे. मुलीने ते वाचलं आणि त्याप्रमाणे वागली. मी बाकीच्या तीनशे मुलांना ते शिकवलं आणि स्वतः मात्र घरी तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसले, हद्दीच्या या बाजूला, दहा महिने.

लगेच फोन लावून तिला 'ये' म्हणावं, असं कुणालाही वाटेल. मला नाही जमलं. न विचारता आपणहून मागायचं, हे मला आयुष्यात जमलेलं नाही. मादामनीही आग्रह केला नाही. त्यांनी एकदा विचारलं, "फोन करायचाय?" मी म्हटलं, "नको." त्यांनी भांडं उचलून ठेवलं. एकदाच विचारायचा नियम त्या माझ्यासाठीही मोडणार नव्हत्या.

पण जेवणाच्या वेळी मी सराव सुरू केला. "आणखी?" "हो." पहिल्या वेळी माझे कान गरम झाले. बटाट्याचे काप ताटात आले तेव्हा मला कुणाचं तरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. मोस्यू मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, जेवताना रेडिओवर बातमी आली. मेलबर्नमध्ये पुन्हा रुग्ण सापडले होते. रात्री बारापासून सगळ्या राज्यात लॉकडाऊन. आम्ही घरापासून पाच तासांवर होतो. मी उठून ताटल्या गोळा करायला लागले.

"काय करताय?" मोस्यूंनी विचारलं.

"निघायला नको?"

"चीज राहिलंय."

"सगळं राज्य बंद होतंय."

"बारा वाजता बंद होतंय," मोस्यू म्हणाले. "चीजला दहा मिनिटं लागतात." त्यांनी चीज खाल्लं, नासपती सोलून तिची बरोबर तीन भागांत वाटणी केली, कॉफी घेतली. मग मात्र त्यांनी गाडी अशी हाणली की मसुराची बरणी कपाटातून बाहेर आली.

चारच्या सुमाराला, सहा वाजायच्या आधीच, मुलीचा फोन आला. "आई, न्यूज बघितली? कुठे आहेस?"

"गाडीत. घरी निघालोय. पोचू वेळेत."

"बरं." मग तिने विचारलं, "हे संपलं की येऊ का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. कोठारं, तारा, एक पाटी. मादाम पुढच्या सीटवर नकाशा उघडून बसल्या होत्या, त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"ये," मी म्हटलं.

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली.

"ऐकू आलं का? ये म्हटलं. आठ दिवस तरी राहा."

"आई, तुला बरं नाहीये का?"

"मला काय झालंय?"

"छातीत दुखतंय का? खरं सांग. हात जड झालाय? मोस्यूंना फोन दे."

"ते गाडी चालवतायत."

"मग मादामना दे. आत्ता दे."

मी फोन पुढे दिला. मादामनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या आईची तब्येत उत्तम आहे. दुपारी तिने भात दोनदा घेतला. पहिल्यांदा विचारल्यावर." फोन परत देताना त्या मला म्हणाल्या, "रडतेय. पण चांगल्या प्रकारचं."

लॉकडाऊन एका आठवड्याचा होता तो दोन आठवड्यांचा झाला. तो उठल्यावर मुलगी आली. विमानतळावर मास्कमुळे मी तिला आधी चालण्यावरून ओळखलं. ती बापासारखी चालते, एक खांदा किंचित पुढे. तिने बॅग खाली ठेवली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मागची माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

त्या संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती. "मला वाटायचं, तुला राग आहे," ती म्हणाली. "बाबांच्या वेळी मी आले नाही म्हणून. म्हणून तू सारखं नको म्हणतेस."

"हद्द बंद होती गं."

"माहितीये. तरी वाटायचं."

जेवताना मी विचारलं, "आणखी एक देऊ?" ती म्हणाली, "नको." मी पोळी परत डब्यात ठेवली, मोस्यूंसारखी, मान राखून. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"अगं दे की. तू नेहमी देतेस."

आठ दिवसांसाठी आली होती. तिच्या सुट्टीच्या शेवटी सिडनी बंद झाली, मागोमाग मेलबर्न. तिचं काम कुठूनही करता येण्यासारखं होतं. एका रविवारी तिने विचारलं, "आई, राहू का इथेच, उघडेपर्यंत?" मी पोळीवरची नजर न काढता "राहा" म्हटलं. ती नोव्हेंबरपर्यंत राहिली. त्या पाच महिन्यांत आमची तीन भांडणं झाली, त्यातली दोन डिशवॉशर कसा भरायचा यावरून. बाबांबद्दल बोलायला आम्हाला सप्टेंबर उजाडला. एका दुपारी तिने विचारलं, की त्या सकाळी त्याने चहा पूर्ण घेतला होता का. मी सांगितलं, अर्धा. तिने मान हलवली आणि पुन्हा कामाला बसली. हे तिला जुलैपासून विचारायचं होतं, आदल्या वर्षीच्या.

पुढच्या वर्षी मोस्यू-मादाम फ्रान्सला परत गेले, मादामच्या बहिणीच्या गावी. जायच्या दिवशी मोस्यूंनी मला सांगितलं, की ऑस्ट्रेलिया तसा बरा देश आहे, पण हे इथे कुणाला सांगू नका. त्यांच्या घरात आता दोन लहान मुलं असलेलं कुटुंब राहतं. मोटरहोम कुणी विकत घेतली ते मला ठाऊक नाही.

मी ग्लेन वेव्हर्लीला एकटी राहते. मुलगी कॅसल हिलला राहते आणि दर दोन महिन्यांनी चार दिवस येते. मधल्या खोलीत तिचा एक मॉनिटर आहे, हिवाळ्याचा कोट आहे आणि घरात घालायच्या चपलांचा एक जोड आहे.